इटालियन चित्रपटांचे घरगुती संग्रह : सातारा–सांगली परिसराच्या संदर्भात एक मागोवा

पुण्याहून मिरजमार्गे कोल्हापूरला जाणारी रेल्वे ज्या दोन जिल्ह्यांतून जाते, ते सातारा आणि सांगली हे जिल्हे मराठी चित्रपटाच्या दोन जुन्या केंद्रांच्या मधोमध आहेत. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्याला गेली, तिच्या आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि १९६४ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले. असे असूनही या दोन केंद्रांमधल्या गावांना अभिजात इटालियन चित्रपटाची ओळख थिएटरच्या नियमित खेळांतून झाली नाही; ती प्रामुख्याने व्हिडिओ कॅसेट, व्हीसीडी आणि डीव्हीडी यांच्याद्वारे घराघरांत झाली, आणि म्हणून या माध्यमांचा इतिहास हा या भागातील चित्रपट-रसिकतेच्या इतिहासाचा दुर्लक्षित राहिलेला भाग आहे.

महानगरांत ही ओळख बरीच आधी झाली होती. १९५२ च्या जानेवारीत मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, त्यात व्हित्तोरिओ दे सिका यांचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ (१९४८) दाखवला गेला, आणि पुढच्याच वर्षी आलेल्या बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’वर त्या दर्शनाचा ठसा उमटला. स्टुडिओतले नेपथ्य बाजूला सारून खऱ्या रस्त्यांवर, बहुधा नवख्या नटांना घेऊन, युद्धोत्तर दारिद्र्याची गोष्ट सांगणाऱ्या ‘बायसिकल थीव्ह्ज’सारख्या चित्रपटांच्या धारेला नववास्तववाद म्हणतात. पुढे चित्रपट संग्रहालयाचे संस्थापक-संग्राहक पी. के. नायर यांनी देशोदेशींचे अभिजात चित्रपट मिळवले आणि १६ मिलिमीटरच्या प्रती फिल्म सोसायट्यांना, म्हणजे सभासदांच्या वर्गणीवर चालणाऱ्या चित्रपट मंडळांना, पुरवण्याची सोय झाली. मात्र अशा खेळासाठी प्रोजेक्टर, तो चालवणारा माणूस आणि पुरेसे सभासद लागत. शिवाय खेळ संपला की प्रत परत जाई आणि चित्रपट पुन्हा पाहण्याची संधी कधी येईल याचा भरवसा नसे.

१९८२ च्या आशियाई खेळांच्या सुमारास रंगीत दूरदर्शन आले आणि त्यामागोमाग व्हीसीआर आले. व्हिडिओ लायब्ररीतून एका रात्रीसाठी यंत्र आणि कॅसेटी भाड्याने आणण्याची पद्धत गावोगावी रुळली, पण लायब्ररीच्या फळ्यांवर हिंदी चित्रपट आणि हॉलिवूडचे मारधाडपट असत. दे सिका किंवा फेलिनी अशा इटालियन दिग्दर्शकांचा चित्रपट हवा असणाऱ्याला पुण्या-मुंबईतल्या किंवा परदेशस्थ परिचितांकडून कॅसेट मिळवून तिची नक्कल करून घेणे एवढाच मार्ग बहुधा उरे, आणि नकलेची नक्कल होत गेली की चित्र विरत जाई. या विरण्याचा पहिला फटका बसे तो उपशीर्षकांना, म्हणजे चित्राच्या तळाशी उमटणाऱ्या इंग्रजी संवादांना. त्यांची बारीक अक्षरे पसरून एकमेकांत मिसळत. ‘बायसिकल थीव्ह्ज’मध्ये गहाण पडलेली सायकल सोडवण्यासाठी मारिया अंथरुणावरच्या चादरी काढून पेढीवर नेते आणि पेढीचा नोकर तो गठ्ठा गहाण चादरींनी छतापर्यंत भरलेल्या फडताळांवर चढून ठेवतो. खराब प्रतीत अशा प्रसंगी पांढरी अक्षरे पांढऱ्या कापडाच्या पार्श्वभूमीवर नाहीशी होत, आणि घासाघिशीतले शब्द निसटले तरी छतापर्यंतचे ते ढीग शहराच्या गरिबीचे मोजमाप चोख दाखवत. दे सिकांचे मोठेपण कळायला हा प्रसंग पुरेसा आहे.

व्हीसीडीचा काळ थोडक्यात आटोपला. एका तबकडीत सुमारे ७४ मिनिटे मावत असल्याने चित्रपट दोन तुकड्यांत विभागला जाई आणि चित्राची सुबकता कॅसेटपेक्षा फारशी वरचढ नसे. डीव्हीडीने मात्र मूलभूत फरक घडवला, कारण तिच्यात उपशीर्षके चित्रावर कायमची कोरलेली नसून वेगळी साठवलेली असतात आणि प्रेक्षकाला ती हवी तेव्हा दाखवता किंवा लपवता येतात. अडचण होती ती प्रदेश-संकेताची. तबकडी जगाच्या ठरावीक भागातच चालावी म्हणून निर्मात्यांनी घातलेल्या या बंधनात भारत पाचव्या प्रदेशात आणि अमेरिका पहिल्या प्रदेशात मोडत असल्याने, क्रायटेरियनसारख्या अमेरिकन संस्थेच्या उत्तम आवृत्त्या पाहण्यासाठी सर्व प्रदेशांच्या तबकड्या चालवणारा प्लेअर शोधावा लागे. २००० नंतरच्या दशकात पॅलाडोर आणि एनडीटीव्ही ल्युमिएर या वितरकांनी विदेशी चित्रपटांच्या अधिकृत भारतीय आवृत्त्या काढल्या, तेव्हा ही ओढाताण काहीशी कमी झाली.

अशा कॅसेटी-तबकड्यांच्या घरगुती संग्रहांचे सातारा–सांगलीच्या भूमीशी असलेले नाते मात्र तांत्रिक तपशिलांपेक्षा खोल आहे. रोबेर्तो रोस्सेलिनी यांचा ‘रोम, ओपन सिटी’ (१९४५) नाझी अंमलाखालच्या रोममधील भूमिगतांची कथा सांगतो. त्याच काळात सातारा जिल्हा आणि लगतच्या औंध संस्थानातील कुंडल हा टापू क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या, ब्रिटिश सत्तेला समांतर चालणाऱ्या प्रतिसरकारने व्यापलेला होता, आणि जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी गाडी प्रतिसरकारच्या तुफान सेनेने अडवली ती याच पुणे–मिरज मार्गावर. दुसरीकडे मराठा रेजिमेंटचे जवान तेव्हा ब्रिटिश भारतीय सैन्यातून इटलीतच लढत होते. जुलै १९४४ मध्ये टायबरच्या वरच्या खोऱ्यात यशवंत घाडगे यांनी आणि एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीकाठी नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. अपशिंगे मिलिटरीसारखी गावे असलेल्या साताऱ्यातून या सैन्यात भरती होण्याची परंपरा जुनीच होती. एकाच परिसराने ब्रिटिश सत्तेविरुद्ध भूमिगत लढा दिला आणि त्याच सत्तेच्या फौजेतून इटलीत रक्तही सांडले, या दुहेरी अनुभवाच्या वारसदारांना रोस्सेलिनीच्या चित्रपटांत परकेपणापेक्षा ओळखीचे अधिक सापडावे, यात नवल नाही.

‘पायसा’ (१९४६) या दृष्टीने विशेष मोलाचा ठरतो. त्याच्या सिसिलीतील पहिल्या भागात कार्मेला ही मुलगी आणि जो हा अमेरिकन सैनिक एका पडक्या वास्तूत बसतात. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, जो घरच्यांचे छायाचित्र दाखवण्यासाठी लायटर पेटवतो आणि त्या उजेडावर रोखलेली जर्मन गोळी त्याला लागते. इंग्रजी उपशीर्षकांच्या आधाराने पाहणाऱ्या मराठी प्रेक्षकाला दोघांचेही बोलणे समजत असते, त्यामुळे पात्रांना न कळणारी जवळीक त्याला कळते आणि प्रसंगाचे दुःख दुणावते.

सर्वच ठिकाणी उपशीर्षके इतकी उपकारक ठरत नाहीत. लुकिनो व्हिस्कोन्ती यांच्या ‘ला तेर्रा त्रेमा’मध्ये (१९४८) आची त्रेत्सा गावातले खरे कोळी त्यांच्या सिसिलियन बोलीत बोलतात, ती खुद्द इटलीच्या प्रेक्षकांनाही दुर्बोध असल्याने चित्रपटाला प्रमाण इटालियनमधील निवेदन जोडलेले आहे. इंग्रजी अक्षरांत बोली आणि निवेदन यांतले हे अंतर सपाट होते. याच दिग्दर्शकाच्या ‘द लेपर्ड’ची (१९६३) इटालियन आवृत्ती सुमारे १८५ मिनिटांची, तर अमेरिकेत दाखवलेली इंग्रजी संवादांची आवृत्ती १६१ मिनिटांची आहे. साहजिकच खोक्यावरचे नाव एकच असले तरी आत कोणता चित्रपट आहे, हे तपासल्याशिवाय सांगता येत नाही.

आज कॅसेटींच्या चुंबकीय फितींना बुरशी लागते आहे, तबकड्या चालवणारी यंत्रे दुकानांतून दिसेनाशी झाली आहेत आणि क्रायटेरियनची ऑनलाइन वाहिनी भारतात उपलब्ध नाही. त्यामुळे घरोघरचे असे संग्रह रद्दीत जाण्यापूर्वी साताऱ्याचे छत्रपती शिवाजी महाविद्यालय किंवा सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय यांसारख्या जुन्या संस्थांच्या ग्रंथालयांनी त्यांची नोंद करणे अगत्याचे आहे; त्या नोंदीत चित्रपटाच्या नावासोबत आवृत्तीची लांबी, ध्वनिपट मूळ की भाषांतरित, आणि उपशीर्षके चित्रावर कोरलेली की स्वतंत्र, हे तीन रकाने असावेत.