सासूबाईंना आधी बाहेर पाठवा

सरकारी दवाखान्यातल्या गरोदर मातांच्या तपासणीत वजनाला काटा असतो, रक्तदाबाला पट्टा असतो. चिंता मोजायला समुपदेशक ताईंकडे नुसता कागद असतो, जीएडी-७ नावाचा. गेल्या दोन आठवड्यांबद्दल सात प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण. बेरीज १० किंवा त्यावर गेली की अधिक चौकशी करायची.

मी बसले होते तेव्हा आठव्या महिन्यातली एक मुलगी समोर आली. "जीव घाबरा होतो का गं?" ती गप्प. उत्तर सासूबाईंनी दिलं, "तिला कसलं टेन्शन? कामाला हातसुद्धा लावू देत नाही आम्ही." सगळे प्रश्न असेच निघाले, बेरीज २. ताई मुरलेल्या. "आई, एवढा केसपेपर खिडकीवर दाखवून येता?" दार लोटलं आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून विचारलं. मागचं बाळ सातव्यातच झालं होतं, वाचलं नाही. आता पोट जरा कडक झालं की तिला रात्रभर तेच दिसतं. बेरीज १३.

कागदातही खोट आहेच. 'एका जागी बसवत नाही इतकं अस्वस्थ वाटतं का?' कंबर भरून आलेली, सकाळपासून बाकावर ताटकळलेली बाई याला नाही कशाला म्हणेल! म्हणून बाळंतपणाची भीती, बाळात व्यंग निघेल का ही धास्ती, एवढंच विचारणाऱ्या वेगळ्या प्रश्नावल्याही निघाल्या.

चिंता जास्त असलेल्यांत मुदतीपूर्व प्रसूती आणि कमी वजनाची बाळं अधिक आढळतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. वजनाची रेघ २५०० ग्रॅमवर, ती काट्यावर कळते. मुदतीची ३७ आठवड्यांवर, आणि तिथे घोळ. शेवटची पाळी कधी? "नागपंचमीच्या पुढेमागे." सुरुवातीची सोनोग्राफी नसेल तर ३६ आणि ३८ यांत निवडायचं कसं?

त्यातून या मुलीचं गणित आणखी अवघड. तिची भीती मागच्या बाळंतपणातून आली आणि पुन्हा लवकर कळा येण्याचा धोकाही तिथूनच आला. दोन्ही एकाच मुळाचे. तेव्हा १३ गुणांवरून तिला आधार द्यावा, तपासण्या वाढवाव्यात. 'टेन्शन घेतलंस म्हणून असं झालं,' हे तिला ऐकवण्याचा अधिकार मात्र त्या आकड्याने कुणालाही दिलेला नाही.