भूल देणारांची सनद

घरांत कोणाच्या पोटाची किंवा हाडाची शस्त्रक्रिया करावयाचें ठरलें म्हणजे आपण दहा ठिकाणीं विचारपूस करतों, ती शस्त्र चालविणाऱ्या डॉक्टरांची. त्यांचा हात कसा आहे, यश किती येतें, स्वभाव कसा आहे, हें सारें आपण जाणून घेतों. परंतु भूल कोण देणार आणि त्या व्यक्तीनें कोणती परीक्षा केव्हां दिली आहे, हा प्रश्न सुशिक्षित घरांतही क्वचितच निघतो. वस्तुतः शस्त्रक्रिया चालू असतां रोग्याचा श्वास, नाडी आणि रक्तदाब ज्याच्या हातीं असतो, तो हाच मनुष्य. त्याच्या सनदेविषयीं आज चार शब्द लिहावे, असें आम्हांस वाटतें.

ईथर देऊन केलेली शस्त्रक्रिया १८४६ सालीं बोस्टन येथें जाहीर रीतीनें दाखविण्यांत आली, आणि पुढच्याच वर्षीं ती विद्या कलकत्त्यास पोंचली. क्लोरोफॉर्मही १८४७ मधलाच. परंतु या देणगीबरोबर धोकाही आला. १८४८ च्या जानेवारींत इंग्लंडांत हॅना ग्रीनर नांवाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याचें नख काढण्यासाठीं क्लोरोफॉर्म दिला असतां कांहीं मिनिटांतच दगावली. व्याधि क्षुल्लक, पण भूल क्षुल्लक नव्हती. भूल म्हणजे झोंप नव्हे; झोंपलेला मनुष्य हाक मारल्यास उठतो, गुदमरल्यास कूस बदलतो. भुलींतला रोगी यांतलें कांहींच करूं शकत नाहीं. सर्व रोग्यांमध्यें तक्रार करण्यास असमर्थ असा तो एकटाच होय. म्हणूनच त्याच्या उशाशीं बसणाराची पारख इतरांनींच अगोदर करून ठेवावी लागते.

हें उशाशीं बसण्याचें काम अमेरिकेंत प्रथमपासून पुष्कळ अंशीं परिचारिकांकडे गेलें. शिकाऊ डॉक्टरास तें दिलें, तर त्याचें लक्ष रोग्याच्या चेहऱ्यावर न राहतां शस्त्राकडे लागे, अशी तेथील शल्यवैद्यांची तक्रार होती. रॉचेस्टर येथील मेयो बंधूंच्या रुग्णालयांत ॲलिस मॅगॉ या परिचारिकेनें चौदा हजारांहून अधिक वेळां भूल दिल्याचा वृत्तांत १९०६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत केवळ भुलीमुळें झालेला असा एकही मृत्यु नव्हता. क्लीव्हलंड येथें ॲगाथा हॉजिन्स यांनीं डॉ. क्राइल यांच्या साहाय्यानें १९१५ मध्यें भूल शिकविणारी शाळा काढली आणि १९३१ सालीं या परिचारिकांचा राष्ट्रीय संघ स्थापन केला. परिचारिकेनें भूल देणें म्हणजे परवान्याविना वैद्यकी करणें होय, असा दावा कॅलिफोर्नियांत लावण्यांत आला होता. परंतु शल्यवैद्याच्या देखरेखीखालीं हें काम करण्यांत बेकायदा कांहीं नाहीं, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९३६ मध्यें दिला.

न्यायालयानें मार्ग मोकळा केला, तरी लोकांचा विश्वास निकालपत्रानें मिळत नाहीं. तो मिळविण्यासाठीं या स्त्रियांनीं स्वतःच स्वतःवर परीक्षा लादून घेतली. पहिली राष्ट्रव्यापी परीक्षा ४ जून १९४५ रोजीं झाली. १९७८ पासून, एकदां मिळालेली सनद ठराविक मुदतीनंतर पुन्हा प्रमाणित करून घेण्याची व्यवस्था सुरू झाली. तीही मुख्यतः व्याख्यानें ऐकून व तास भरून. पुढें २०११ च्या सुमारास प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळानें सुचविलें, कीं दर आठ वर्षांनीं प्रत्यक्ष फेरपरीक्षाच घ्यावी. या सूचनेनें मोठा वाद माजला.

त्या वादांतील दोन्ही बाजू ऐकण्याजोग्या आहेत. विरोध करणाऱ्या म्हणत, 'पंचवीस वर्षें आम्ही हेंच काम करीत आहों. जी केवळ प्रसूतिगृहांत काम करते, तिला हृदयाच्या शस्त्रक्रियेवरील प्रश्न घालून नापास कराल, तर तिची भाकरी जाईल आणि खेड्यांतील रुग्णालय ओस पडेल. यांत रोग्याचें कोणतें हित?' दुसरी बाजू म्हणे, 'औषधें बदललीं, यंत्रें बदललीं, मग जुन्या ज्ञानावर नव्या रोग्याचा जीव कसा सोंपवावा?' अखेर २०१६ मध्यें जी योजना अंमलांत आली, तींत कसोटी राहिली, पण तिची धार बोथट करण्यांत आली: जी कमी पडेल तिची सनद न काढतां, ज्या विषयांत ती कमी पडली त्याचा अधिक अभ्यास तिच्याकडून करवून घ्यावयाचा. अलीकडे तर एका मोठ्या परीक्षेऐवजीं थोडे थोडे प्रश्न वर्षभर सोडविण्याच्या पद्धतीकडे त्या मंडळाचा कल वळला आहे.

आतां आपल्या कृष्णाकांठाकडे वळूं. पटवर्धनांच्या मिरजेंत डॉ. वॉनलेस यांनीं १८९४ सालीं मिशनचें रुग्णालय उघडलें आणि दक्षिण महाराष्ट्रांतील शस्त्रक्रियेचें तें एक माहेरघर बनलें. मुलींना परिचारिकेचें शिक्षणही तेथें मिळूं लागलें. आपल्या समाजांत मात्र हा पेशा फार काळ हलका मानला गेला. ती अढी काढण्यासाठीं झटणाऱ्या रमाबाई रानडे याच भागांतल्या. त्यांचा जन्म देवराष्ट्रें येथें झाला, तेव्हां तें गांव सातारा जिल्ह्यांत होतें. १९४९ मध्यें दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला, १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें, आणि देवराष्ट्रें आज सांगली जिल्ह्यांत मोडतें. त्यांच्या पुणें सेवासदनानें विधवा भगिनींना ससून रुग्णालयांत परिचर्या शिकण्यास पाठविलें, तेव्हां केवढें काहूर उठलें असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. आज त्याच घरांतल्या मुली हा पेशा अभिमानानें पत्करीत आहेत.

आपल्या देशांत भूल देण्याची जबाबदारी डॉक्टराचीच मानली जाते. अमेरिकेप्रमाणें भूल देणाऱ्या परिचारिकेची निराळी कायदेशीर सनद येथें नाहीं. परिचारिका त्याच्या शेजारीं उभी राहून साहाय्य करते, आणि संकटाच्या वेळीं पहिला हात बहुधा तिचाच पुढें होतो. तिच्या नोंदणीचा कायदा मुंबई इलाख्यांत १९३५ सालीं झाला, महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा १९६६ चा, आणि नवा राष्ट्रीय आयोग आणणारा कायदा संसदेनें २०२३ मध्यें संमत केला. नोंदणी दर पांच वर्षांनीं नवी करावी लागते व त्यासाठीं दीडशें तासांचें पुढील शिक्षण सांगितलें आहे. महाराष्ट्रांतील डॉक्टरांनाही पांच वर्षांत तीस गुण मिळवावे लागतात. व्यवस्था चांगली आहे. परंतु ती हजेरीची आहे, कसोटीची नव्हे. सभागृहांत बसलेला प्रत्येक जण ऐकत असतोच असें नाहीं, हें शाळेंत गेलेल्या कोणासही ठाऊक आहे.

याहून नाजूक प्रश्न दूरच्या तालुक्यांचा आहे. खेड्यापाड्यांत भूलतज्ज्ञ मिळत नाहींत, म्हणून अडलेल्या बाळंतिणींसाठीं साध्या एम्.बी.बी.एस्. डॉक्टरांस अठरा आठवड्यांचें भूल-शिक्षण देण्याची सरकारी योजना आहे. हेतु स्तुत्य आहे, यांत शंका नाहीं. पण पाटणच्या डोंगरांत किंवा जतच्या माळरानावर बसलेल्या अशा डॉक्टराच्या हातून महिनोन्महिने एकही भूल दिली गेली नाहीं, तर शिकलेला हात किती दिवस शिकलेला राहील? न वाजविलेली वीणा जशी उतरते, तशी न वापरलेली विद्याही उतरते. दाखल्यावरची शाई मात्र तशीच ताजी दिसते.

आमचें मत असें कीं, भूल देणाऱ्याची आणि त्याच्या साहाय्यक परिचारिकेची कसोटी वारंवार व्हावी; परंतु ती पाठांतराची नसावी. श्वास अडला तर नळी किती लवकर पडते, रक्तदाब घसरला तर कोणतें औषध हातीं येतें, हें पुतळ्यावर करवून पाहावें, आणि तेंही दोघांकडून एकत्र, कारण संकटांत दोघांनाच एकमेकांचा आधार असतो. हें केंद्र मुंबईस नसावें; मिरजेस व साताऱ्यास सरकारी वैद्यकीय महाविद्यालयें आहेत, कऱ्हाडलाही मोठें वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथें एका दिवसांत जाऊन परत येतां यावें. जो कमी पडेल त्याला फजीत न करतां शिकवावें. शिकवूनही जो शिकत नाहीं, त्याला मात्र थांबवावें. वर्षानुवर्षें सेवा केलेल्या परिचारिकेचा मान राखणें आणि अजाण रोग्याचा जीव राखणें या दोन गोष्टी परस्परविरुद्ध नाहींत. मान आपण तिला देऊंच, पण तो रोग्याच्या जिवावर देतां येणार नाहीं.

या कामीं गृहस्थांचाही वांटा आहे. शस्त्रक्रियेपूर्वीं भूल देणाऱ्या डॉक्टरांची गांठ घ्यावी, त्यांचें शिक्षण विनयानें विचारावें. जाणता मनुष्य अशा प्रश्नानें रागावत नाहीं. चालू औषधें, जुनी दुखणीं, पूर्वीं भुलीनें झालेला त्रास, हलणारा दांत, कांहींएक लपवूं नये. विशेषतः 'घोटभर दुधानें काय होतें' असें म्हणून आजीबाईंनीं नातवास चोरून दूध पाजूं नये. पोटांतलें दूध भुलींत श्वासनलिकेंत उतरूं शकतें, म्हणून दुधास सहा तासांचें अंतर लागतें. तेथें लपविलेल्या घोटाची किंमत फार मोठी पडते.

सनद म्हणजे समाजानें टाकलेला विश्वास. देवापुढील नंदादीपांतही रोज तेल घालावें लागतें. काल घातलें होतें, एवढ्यानें तो आज तेवत नाहीं. मग ज्यांच्या उशाशीं आपलीं माणसें निःशब्द निजतात, त्यांच्या विद्येंत वेळोवेळीं तेल घातलें जातें कीं नाहीं, हें विचारणें म्हणजे अविश्वास नव्हे.