शालेय स्तरावरील विद्यापीठीय अभ्यासक्रम : अमेरिकेतील स्वरूप व मर्यादा

अमेरिकेत शालेय वयातच विद्यापीठीय दर्जाचे शिक्षण घेण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत. पहिला, कॉलेज बोर्ड १९५५ पासून चालवीत असलेला 'अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट' उपक्रम होय. यात शाळेतील शिक्षकच अध्यापन करतात. मे महिन्यातील परीक्षेत १ ते ५ यांपैकी गुणांक मिळतो. तथापि त्याआधारे श्रेयांक द्यावेत की नाही, हे बहुधा संबंधित महाविद्यालय ठरविते. दुसरा मार्ग दुहेरी प्रवेशाचा. यात विद्यार्थी प्रत्यक्ष महाविद्यालयाचाच अभ्यासक्रम पूर्ण करून श्रेयांक मिळवितो. 'ऑनर्स' अभ्यासक्रम मात्र शालेयच असतो. त्यास स्वतंत्र श्रेयांक नसतात.

या श्रेयांकांमुळे पदवीचा कालावधी व खर्च घटू शकतो. परंतु लहान ग्रामीण शाळांत असे अभ्यासक्रम मोजकेच असतात. गुणवत्ता असूनही संधी न लाभणे, ही या व्यवस्थेची मूलभूत उणीव होय. श्रेयांक हस्तांतरणाचा विचार करताना आपण अध्यापकांनी ती प्रथम ध्यानी घेणे अगत्याचे आहे.