हिस्टोन प्रथिनांतील बदल आणि यीस्टमधील गुणसूत्रांचे अचूक वाटप

प्रस्तावना :
पेशीविभाजनाच्या वेळी प्रत्येक गुणसूत्राची एकेक प्रत दोन्ही कन्यापेशींत पोहोचणे आवश्यक असते. विखंडन पद्धतीने वाढणाऱ्या स्किझोसॅकरोमायसिस पॉम्बे या यीस्टमध्ये गुणसूत्रे केवळ ३ आहेत. एकगुणित पेशीत त्यांपैकी एक जरी हरवले तरी पेशी जगत नाही. या वाटपाचे रहस्य दीर्घकाळ तर्कूच्या सूक्ष्मनलिकांतच शोधले गेले. ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती डीएनए गुंडाळलेला असतो, ती जणू निव्वळ रिळे! १९६४ मध्ये ऑल्फ्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिस्टोनच्या ॲसिटिलीकरणाकडे लक्ष वेधले. परंतु त्यानंतरची चर्चाही मुख्यतः जनुकांच्या अभिव्यक्तीपुरतीच राहिली.

सेंट्रोमिअरवरील खुणा :
पॉम्बेच्या सेंट्रोमिअरच्या दोन्ही बाजूंस डीएनएचे पुनरावृत्त अनुक्रम असतात. तेथे क्लर-४ हे विकर हिस्टोन एच-३ मधील ९ व्या लायसीनला मेथिल गट जोडते. या खुणेवर स्वी-६ हे प्रथिन बसते आणि त्याच्यामुळे भगिनी अर्धगुणसूत्रांना बांधून ठेवणारे कोहेसिन तेथे मोठ्या प्रमाणावर जमते, असे २००१ मध्ये दिसून आले. स्वी-६ नसलेल्या पेशींत विभाजनाच्या वेळी काही गुणसूत्रे मध्येच रेंगाळताना दिसतात.

तथापि केवळ बांधून ठेवणे पुरेसे नाही. दोन्ही अर्धगुणसूत्रे एकाच ध्रुवाकडील सूक्ष्मनलिकांना जोडली गेल्यास ती जोडणी सोडवावी लागते. हे काम ऑरोरा या कायनेजचे होय. योग्य जोडणीत दोन्ही बाजूंनी ताण पडतो व जोडणी टिकते. ताण नसल्यास ऑरोरा ती सैल करते. ऑरोराला योग्य जागी आणणाऱ्या दोन खुणा २०१० मध्ये स्पष्ट झाल्या. बब-१ हे कायनेज हिस्टोन एच-२ए मधील १२१ व्या सेरीनला फॉस्फेट जोडते. त्यामुळे शुगोशिन (जपानी भाषेत या शब्दाचा अर्थ ‘रक्षक देवता’) तेथे येते. हॅस्पिन हे कायनेज एच-३ मधील ३ ऱ्या थ्रिओनीनला फॉस्फेट जोडते व ऑरोराच्या संकुलातील बिर-१ ला बोलावते. दोन्ही खुणा जेथे एकत्र येतात, तेच ऑरोराचे स्थान. १२१ व्या सेरीनच्या जागी ॲलनीन आणल्यास शुगोशिन सेंट्रोमिअरवर टिकत नाही आणि वाटप चुकू लागते.

मुकुलन पद्धतीचे यीस्ट :
सॅकरोमायसिस सेरेव्हिसीमध्ये गुणसूत्रे १६ असून सेंट्रोमिअर सुमारे १२५ बेस-जोड्यांचा, म्हणजे अगदीच आखूड असतो. त्यात एच-३ च्या ९ व्या लायसीनचे मेथिलीकरण नाही, स्वी-६ सारखे प्रथिनही नाही. बब-१ ची खूण मात्र आहे. परंतु तिला सर्वस्व मानणे घाईचे ठरेल. २०१३ मध्ये याच यीस्टमध्ये असे आढळले की, सेंट्रोमिअरवर न बसणारे, तोकडे केलेले स्ली-१५ प्रथिन असतानाही ऑरोरा चुकीच्या जोडण्या सोडवू शकते.