मीठ पाणी काढतं की भरतं?

दोस्तांनो, एक कोडं सोडवाल?

कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की थोड्या वेळात पातेल्याच्या तळाशी पाणी साचतं. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आधीच घातलं की पानात वाढेपर्यंत ती पाणचट होते. कोकणात आणि गोव्यात बांगडे भरपूर मिठात घालून ठेवतात. माशातलं पाणी निथळून जातं आणि खारा बांगडा पावसाळ्यापर्यंत टिकतो. थोडक्यात काय, तर मीठ पाणी बाहेर काढतं. बरोबर?

आता हे ऐका. कोंबडीचे पंख, म्हणजे हॉटेलातल्या यादीत ‘चिकन विंग्ज’ नावाने दिसतात ते, तास-दोन तास मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवा आणि मग भाजा. तुमच्या नियमाप्रमाणे ते सुकून चिवट व्हायला हवेत. पण होत नाहीत! उलट न खारवलेल्या पंखांपेक्षा जास्त रसाळ होतात. तेच मीठ इथे पाणी आत धरून ठेवतं.

मीठ असं का वागतं? चला, छडा लावू या.

आधी पंखाशी ओळख

तुमचा डावा हात पुढे करा. खांद्यापासून कोपरापर्यंत चाचपून बघा, एकच दणकट हाड लागेल. आता उजव्या हाताने डाव्या मनगटाच्या थोडं वर धरा आणि डावा तळवा वर-खाली फिरवा. आत दोन हाडं एकमेकांवरून सरकताना जाणवतील.

कोंबडीच्या पंखात अगदी हीच मांडणी आहे! पंखाचे तीन भाग असतात. पहिला मांसल भाग म्हणजे तिचा दंड, त्यात एक हाड. मधला चपटा भाग म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतचा हात, त्यात दोन हाडं. आणि टोकाचा निमुळता भाग म्हणजे तिची बोटं, एकमेकांना जुळून गेलेली. फार फार पूर्वी आपले आणि पक्ष्यांचे पूर्वज एकच होते. त्यांच्या पुढच्या पायांची ही मांडणी आपल्याला हात म्हणून मिळाली आणि कोंबडीला पंख म्हणून.

लग्नात किंवा चायनीजच्या गाडीवर चिकन लॉलीपॉप खाल्लंय? ते पंखाचंच असतं. हाडावरचं मांस एका टोकाला सरकवून त्याचा गोळा केला की उघडं पडलेलं हाड झालं लॉलीपॉपची काडी.

पूर्वी अमेरिकेत पंखांना फारसं कुणी विचारत नसे. ते सूप उकळायच्या भांड्यात जात. न्यूयॉर्क राज्यात बफेलो नावाचं शहर आहे. तिथल्या ‘अँकर बार’ या खानावळीत १९६४ साली टेरेसा बेलिसिमो यांनी पंख तळले आणि लोणी घातलेल्या तिखट सॉसमध्ये घोळवून वाढले, असं सांगतात. तेव्हापासून पंखांचा भाव जो वाढला तो वाढलाच.

पण पंखाची एक अडचण आहे. त्यावर मांस थोडं, हाड आणि कातडी जास्त. विस्तवाची धग त्या एवढ्याशा मांसात पटकन शिरते आणि जरा दुर्लक्ष झालं की ते कोरडं पडतं. म्हणून तर मिठाचं पाणी.

रस जातो कुठे?

कच्च्या मांसात साधारण तीन चतुर्थांश पाणीच असतं. चार किलो मांसात तीन किलो पाणी! मग ते वाहून का जात नाही? कारण स्नायू म्हणजे अतिशय बारीक तंतूंच्या जुड्या असतात. हे तंतू प्रथिनांचे बनलेले असतात आणि त्यांच्यामधल्या फटींत पाणी अडकून बसतं.

मांस तापू लागलं की हे तंतू आकसतात. फटी अरुंद होतात आणि त्यातलं पाणी पिळून बाहेर येतं. चिकन परतताना कढईत आपोआप पाणी सुटतं ना, ते हेच. जितकं पाणी बाहेर, तितका घास कोरडा.

म्हणजे आपल्याला शोधायचंय ते हे, की मीठ असं काय करतं, ज्यामुळे तंतूंना पाणी पिळून काढणं जमत नाही?

पहिला संशयित: परासरण

१७४८ साली फ्रान्समध्ये झाँ-आंत्वान नोले नावाचे एक धर्मगुरू विज्ञानाचे प्रयोग करत असत. त्यांनी एका भांड्यात मद्यार्क भरला, तोंडावर डुकराचं मूत्राशय ताणून बांधलं (हो हो, मूत्राशयच!) आणि ते भांडं पाण्यात बुडवून ठेवलं. काही तासांनी बघतात तर मूत्राशयाचं झाकण फुगून टम्म! बाहेरचं पाणी त्यातून आत शिरलं होतं, पण आतला मद्यार्क तितक्या सहज बाहेर येऊ शकला नव्हता.

काही पडदे असे असतात की ते पाण्याला वाट देतात, पण पाण्यात विरघळलेल्या पदार्थाला अडवतात. अशा पडद्यातून पाणी पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे जातं. याला परासरण म्हणतात. कैरीच्या पेशींभोवती असेच पडदे असतात. बाहेर मीठ जास्त, म्हणून आतलं पाणी बाहेर. कैरीचा उलगडा झाला!

मग पंखांचाही उलगडा परासरणानेच होईल का? जरा हिशेब करू. मांसातल्या पाण्याचा खारटपणा एक टक्का मिठाच्या पाण्याएवढाच धरा. आपण पंख बुडवतो त्या पाण्यात मीठ असतं पाच टक्क्यांच्या आसपास. समुद्राच्या पाण्यात साडेतीन टक्के असतं, म्हणजे आपलं पाणी समुद्राहूनही खारट. आता परासरणाचा नियम लावा. पाणी कुठून कुठे जाईल? मांसातून बाहेर!

पण तसं तर होत नाही. म्हणजे हा संशयित निर्दोष. पंखात दुसरंच कुणीतरी काम करतंय.

खरा करामती सापडला

मीठ पाण्यात विरघळतं तेव्हा त्याचे दोन तुकडे होतात. एक सोडियमचा, त्यावर धन विद्युतभार. दुसरा क्लोराइडचा, त्यावर ऋण विद्युतभार. कोंबडी मेल्यानंतर तिच्या पेशींचे पडदे हळूहळू फाटत जातात, त्यामुळे या तुकड्यांना आत शिरायला कुणी अडवत नाही. आत गेल्यावर क्लोराइडचे बरेचसे तुकडे प्रथिनांच्या तंतूंना जाऊन चिकटतात.

थंडीच्या दिवसांत कोरड्या केसांवरून प्लॅस्टिकचा कंगवा फिरवलाय कधी? केस एकमेकांपासून दूर पळतात, कारण सगळ्यांवर सारखाच विद्युतभार आलेला असतो. तंतूंचंही तसंच होतं. सगळ्यांवर ऋण भार वाढला की ते एकमेकांना ढकलू लागतात. फटी रुंदावतात आणि त्या जागेत पाणी येऊन बसतं.

१९८३ साली ब्रिटनमधल्या जेराल्ड ऑफर आणि जॉन ट्रिनिक या शास्त्रज्ञांनी स्नायूंचे तंतू मिठाच्या पाण्यात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. मिठाचं प्रमाण योग्य असेल तर ते फुगून आकारमानाने जवळजवळ दुप्पट होऊ शकतात, असं त्यांना दिसलं. ते योग्य प्रमाण होतं साधारण पाच ते सहा टक्के!

मिठाची आणखी एक करामत आहे. त्याच्यामुळे मायोसिन नावाच्या प्रथिनाचा काही भाग विरघळतो आणि तापवल्यावर मऊ खरवसासारखा थिजतो. त्या थिजलेल्या जाळीतही पाणी अडकून राहतं. मग पंख भाजताना तंतू आकसायला बघतात, पण पूर्वीइतके घट्ट आवळू शकत नाहीत. रस आतच राहतो.

आणि खारा बांगडा? तिथे तर मीठ मुठीमुठीने घातलेलं असतं. प्रमाण फारच वाढलं की प्रथिनं फुगायचं सोडून एकमेकांना चिकटून घट्ट होतात आणि पाणी सोडून देतात. म्हणून बांगडा सुकतो आणि पंख फुगतो. मीठ एकच, फरक पडतो तो किती घातलं याने आणि कशात घातलं याने.

मसाला आत का जात नाही?

तंदुरी चिकनचा तुकडा तोडून नीट बघा. लाल रंग वरवरच असतो, आतलं मांस पांढरं. मीठ मात्र आतपर्यंत लागलेलं असतं. याचं कारण म्हणजे मिठाचे तुकडे अगदी चिमुकले असतात आणि पाण्यातून सहज फिरतात. मिरची, हळद, लसूण यांच्यातले स्वादाचे आणि रंगाचे रेणू बरेच मोठे, त्यातले काही तर पाण्यात विरघळायलाही तयार नसतात. म्हणूनच तंदुरीच्या तुकड्यांना सुरीने खोल चिरा देतात, मसाल्याला तेवढीच वाट मिळते. तेव्हा पंखांच्या पाण्यात गरम मसाल्याचा अख्खा डबा रिकामा करू नका. आधी मीठ-पाणी, आणि मसाला नंतर वरून.

मऊ आत, कुरकुरीत बाहेर

आतून रसाळ झालं, पण कातडी कुरकुरीत नको? इथे पाण्याशी आपलं भांडण आहे.

पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं. कातडी ओली असेल तर उष्णता आधी ते पाणी उडवण्यातच खर्च होते आणि कातडीचं तापमान १०० च्या फार वर जात नाही. खमंग तपकिरी रंग मात्र साधारण १४० अंशांच्या पुढे झपाट्याने येतो. तिथे प्रथिनांचे घटक आणि साखरेचे रेणू एकत्र येऊन शेकडो नवे वास आणि स्वाद तयार करतात. लुई-कामिय मायार या फ्रेंच संशोधकाने १९१२ मध्ये या अभिक्रियेचं वर्णन केलं, म्हणून तिला मायार अभिक्रिया म्हणतात. पावाची कड, भाकरीवरचे तपकिरी ठिपके, भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास, सगळीकडे तीच.

म्हणून पंख मिठाच्या पाण्यातून काढले की टिपून अगदी कोरडे करायचे. जमलं तर ताटात पसरून, न झाकता, फ्रिजमध्ये दोन-तीन तास ठेवायचे. फ्रिजची कोरडी हवा उरलेला ओलावा शोषून घेते.

करून बघा (घरातलं मोठं माणूस सोबत हवंच!)

१. चिकनवाल्या काकांना आधीच सांगा, ‘पंख कातडीसकट द्या.’ आपल्याकडे बहुतेक वेळा कातडी काढूनच देतात. घरी आणल्यावर नळाखाली धुऊ नका, शिंतोड्यांबरोबर जंतू ओटाभर पसरतात.

२. एक लिटर थंड पाण्यात ५० ग्रॅम मीठ विरघळवा. वजनकाट्यावरच मोजा, कारण खडेमिठाच्या चमच्यात हवेच्या फटी असतात आणि बारीक मिठाच्या चमच्यात फारशा नसतात. भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या.

३. अर्धे पंख या पाण्यात आणि अर्धे साध्या पाण्यात बुडवा. दोन्ही भांडी झाकून फ्रिजमध्ये एक ते दोन तास ठेवा. बाहेर ठेवायची नाहीत. रात्रभरही नको, पंख खारट होतील.

४. पाणी ओतून द्या, ते पुन्हा वापरायचं नाही. पंख टिपून कोरडे करा. प्रत्येक गटाचं वजन लिहून ठेवा. कच्च्या चिकनला हात लावला की दर वेळी साबणाने हात धुवा.

५. थोडं तेल आणि तिखट चोळा. मीठ पुन्हा घालू नका! ओव्हनमध्ये २०० अंशांवर साधारण ४० ते ४५ मिनिटं भाजा, मध्ये एकदा उलटा. तळायचे असतील तर ते काम मोठ्यांचं. ओला पंख गरम तेलात पडला तर तेल उडतं, म्हणून कोरडे करणं इथे दुप्पट महत्त्वाचं. आतलं तापमान किमान ७४ अंश झालं पाहिजे.

६. शिजल्यावर दोन्ही गटांचं पुन्हा वजन करा. कोणत्या गटाने जास्त पाणी गमावलं?

घरी चिकन होत नसेल, तरी हरकत नाही. बटाट्याच्या लांब फोडी करा. काही साध्या पाण्यात, काही त्याच पाच टक्के मिठाच्या पाण्यात दोन तास ठेवा, मग वाकवून बघा. साध्या पाण्यातली फोड ताठ, खाऱ्या पाण्यातली लुळी! बटाट्याच्या पेशी जिवंत असतात, त्यांचे पडदे शाबूत असतात, म्हणून तिथे परासरणाचं राज्य. ज्या पाण्यात पंख फुगतो, त्याच पाण्यात बटाटा मान टाकतो.

आता शेवटचं गणित

पंख दोन तासांत खारवतो, मग अख्ख्या कोंबडीला किती वेळ लागेल? १८५५ साली पंचविशीतल्या अडॉल्फ फिक या जर्मन शास्त्रज्ञाने मीठ पाण्यात किती वेगाने पसरतं याचे प्रयोग केले आणि त्यामागचा नियम मांडला. त्या नियमातून एक गंमत निघते. अंतर दुप्पट झालं तर वेळ दुप्पट नाही, चौपट लागतो. अंतर तिप्पट, तर वेळ नऊपट!

समजा, पंखाचं मांस दोन सेंटिमीटर जाड आहे आणि मीठ आतपर्यंत पोचायला एक तास लागतो. कोंबडीच्या छातीचं मांस सहा सेंटिमीटर जाड असेल, तर किती तास? कागद-पेन्सिल घ्या आणि करा हिशेब. उत्तर आलं की कळेल, अख्खी कोंबडी खारवायची तर लोक आदल्या रात्रीच तयारीला का लागतात.