पानं नसलेलं रान

मुलांनो, उष्ण कटिबंधातलं जंगल म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? घनदाट हिरवा काळोख, लोंबणाऱ्या वेली, सतत ठिबकणारं पाणी. मार्चमध्ये हैदराबादच्या काचीगुड्याहून निघालेल्या शाळेच्या बसमधल्या मुलामुलींच्या डोळ्यांपुढेही तेच होतं. बस श्रीशैलमच्या रस्त्याला लागली, डिंडीचा तलाव मागे पडला आणि मन्ननूर आलं. वनखात्याच्या कॉटेजमध्ये सगळे उतरणार होते. पण खिडकीबाहेर हिरवं काहीच दिसेना! राखाडी खोडं, उघड्या फांद्या आणि खाली वाळक्या पानांचा ढीग.

एका मुलीने घाबरत विचारलं, “ताई, हे जंगल मेलंय का?”

किती छान प्रश्न! त्याचं उत्तर शोधण्यात आमची सगळी सहल गेली.

हे होतं नल्लमला डोंगरातलं अमराबाद व्याघ्र प्रकल्पाचं रान. २६०० चौरस किलोमीटरपेक्षा मोठं. तेही उष्ण कटिबंधातलंच, फक्त शुष्क पानझडीचं. इथे वर्षाचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडून जातो. पुढचे आठ महिने झाडांनी काय करायचं? पानाच्या खालच्या बाजूला डोळ्यांना न दिसणारी हजारो छिद्रं असतात. त्यांतून हवा आत जाते आणि पाण्याची वाफ बाहेर पडते. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत पानं ठेवायची म्हणजे खोडातलं पाणी उडवून टाकायचं. म्हणून झाड आधी पानातला नायट्रोजनसारखा कामाचा ऐवज परत फांदीत ओढून घेतं. मग देठाच्या बुडाशी एक पातळ थर तयार होतो, पान तिथून सुटतं आणि जखम बुचासारख्या थराने बंद होते. सागाचं गळलेलं पान उचलून देठाचं टोक पाहा. तुटल्यासारखं नसतं, नीट सोडवल्यासारखं असतं.

म्हणजे झाड मेलेलं नाही. त्याने खर्च कमी केलाय.

आमचा वाटाड्या चेंचू होता. चेंचू लोक पिढ्यान्‌पिढ्या याच डोंगरात राहत आलेत, मध आणि डिंक गोळा करत आलेत. मुलं त्याला ‘अन्ना’ म्हणू लागली. अन्नाने एका झाडापाशी थांबवलं, आणि सगळे गप्पच झाले. पांढरंफटक खोड, वर एकही पान नाही! हे कांडोळ. त्याची साल कागदी पापुद्र्यांनी सुटते आणि पापुद्र्याखाली हिरवट थर असतो. पानं नसली तरी त्या हिरव्या सालीवर झाड थोडंसं अन्न बनवत राहतं. याचाच डिंक औषधांत जातो, शिवाय कवळी जागेवर बसवायच्या पावडरीतही. तुमच्या आजोबांच्या कवळीला कदाचित नल्लमलातल्या झाडाने धरून ठेवलं असेल!

पुढे पळस होता. पळसाला पाने तीनच, असं आपण म्हणतो. मार्चमध्ये तीही नसतात. सगळं झाड केशरी. खाली पडलेलं एक फूल आम्ही हातावर घेतलं. बुडाशी काळपट मखमली वाटी, वर बाकदार पाकळी, आत गोड रस. वास मात्र अजिबात नाही. वास कशाला हवा? फुलांचं गिऱ्हाईक म्हणजे पक्षी, आणि ते रंग बघून येतात. साळुंकी फुलात चोच घालते, डोक्याला पराग लागतात, ती पुढच्या झाडावर जाते. आता सांगा, फांद्या पानांनी झाकलेल्या असत्या तर हा केशरी रंग इतक्या लांबून दिसला असता का?

संध्याकाळी अन्नाने सगळ्यांना बजावलं, झाडाच्या ढोलीत हात घालायचा नाही. त्यावरून गोष्ट निघाली एका निळ्या कोळ्याची. इतिहासाच्या पुस्तकातल्या मुरारराव घोरपड्यांची गुत्ती आठवते? तिथल्या रेल्वेच्या लाकूड-आवारात एक अंगभर निळा टॅरँट्युला सापडला. रेजिनाल्ड पोकॉक या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८९९ मध्ये त्याचं वर्णन लिहिलं, ‘पोसिलोथेरिया मेटॅलिका’ हे नाव दिलं. पण त्याचं खरं घर कुठे? शंभर वर्षं पत्ताच लागला नाही. २००१ मध्ये तो पुन्हा दिसला, आंध्रातल्या नंद्याल आणि गिद्दलूरच्या मधल्या रानात. म्हणजे याच नल्लमला रांगेत, पण आमच्या मुक्कामापासून बरंच दक्षिणेला. पहिला कोळी बहुधा लाकडांबरोबर रेल्वेने गुत्तीला पोचला होता!

त्याच्या अंगात निळा रंगच नाही, हे तर आणखी अजब. त्याच्या केसांमध्ये इतकी सूक्ष्म रचना असते की तिच्यावर पडलेल्या उजेडातला निळा भाग तेवढा आपल्याकडे परततो. दिवसा तो जुन्या झाडाच्या ढोलीत बसतो, रात्री किडे पकडतो. जुनी, पोकळ झाडं सरपणाला गेली की त्याचं घरच गेलं. जगात तो फार थोड्या जागी उरलाय, आणि त्यातही लोक पाळायला म्हणून त्याला चोरून पकडतात. मला हे वाचून फार वाईट वाटतं. एवढं सुंदर जनावर डब्यात कशाला कोंडायचं?

सकाळी मोहाखाली गेलो तर जमिनीवर फुलांचा सडा. मोहाची फुलं पहाटे गळतात. मांसल, गोड. रात्री वटवाघळं झाडावर येतात, खाली अस्वलं आणि हरणं. म्हणून चेंचू बायका वेचायला येतात तेव्हा आधी कानोसा घेतात.

आता सगळ्यात मोठं कोडं. मोहाशेजारी कुसुमाच्या झाडाला पालवी फुटली होती, लालभडक! मार्चअखेर, पाऊस यायला दोन महिने बाकी, आणि हे झाड नवी पानं काढतंय? काटकसर करणाऱ्याने ऐन टंचाईत असा खर्च का करावा? खोल गेलेली मुळं आणि खोडात साठवलेलं पाणी त्याच्या कामी येतं. संशोधकांना वाटतं, दिवस मोठा होऊ लागला की कित्येक झाडांना ते कळतं आणि पालवी फुटते. म्हणजे पहिला पाऊस पडेल तेव्हा पानं तयार असतात, एक दिवसही वाया जात नाही. कोवळ्या पानांतला लाल रंग कडक उन्हापासून त्यांना जपतो, असंही एक मत आहे.

याच दिवसांत हैदराबादच्या रस्त्यांवर पिंपळही तांबूस होतो. तुमच्या गल्लीतला पिंपळ यंदा कोणत्या तारखेला पालवला, वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तीच तारीख येते का, मला कळवा.