धुक्यातल्या राजधानीचा क्लब

मध्य अमेरिकेच्या निमुळत्या भूपट्टीवरील कोस्टा रिका या चिमुकल्या प्रजासत्ताकाचा इतिहास वाचू लागलेल्या माणसाला कार्तागो या गावी थांबावेच लागते. कारण 1563 साली हुआन व्हास्केस दे कोरोनादो याने वसवलेले हे गाव स्पॅनिश अमलात त्या साऱ्या मुलखाची राजधानी होते, आणि 5 एप्रिल 1823 रोजी ओचोमोगोच्या लढाईत सान होसेच्या प्रजासत्ताकवाद्यांनी त्याचा पराभव केला तेव्हा तो मान, दप्तर आणि कचेऱ्यांसकट, त्याच्या हातून कायमचा गेला. इरासू ज्वालामुखीच्या पायथ्याशी सुमारे 1400 मीटर उंचीवर वसलेल्या या गावावर वारंवार धुके उतरते. त्या धुक्यावरूनच तेथील फुटबॉलपटूंना ‘ब्रुमोसोस’, म्हणजे धुक्यातले, हे नाव मिळाले. त्यांच्या संस्थेचे दप्तरी नाव क्लब स्पोर्ट कार्ताहिनेस.

हा क्लब 1 जुलै 1906 रोजी स्थापन झाला. त्या देशातील ज्या संघांचा आज सर्वत्र बोलबाला आहे ते सारे याच्यानंतरचे आहेत : अलाहुएलेन्से 1919 चा, एरेदियानो 1921 चा, तर साप्रिसा 1935 चा. वडीलपणाचा हा मान लाभलेल्या क्लबाला चार वर्षेही पुरी होत नाहीत तोच, 4 मे 1910 च्या सायंकाळी झालेल्या भूकंपाने कार्तागो जमीनदोस्त केले. शेकडो माणसे दगावली; पाच राष्ट्रांचे तंटे शांततेने मिटवण्यासाठी स्थापन झालेल्या मध्य अमेरिकन न्यायालयाकरिता अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीतून उभारलेला प्रासाद कोसळला, आणि पुढे ते न्यायालयही सान होसेला हलले. सांतियागो प्रेषिताचे बांधकामाधीन मंदिर तर पुढे कधीच पुरे झाले नाही. त्याच्या छप्पर नसलेल्या पाषाणभिंतींच्या आत आज उद्यान आहे, आणि गावकरी त्या जागेला नुसते ‘भग्नावशेष’ म्हणूनच ओळखतात. राजधानी गेली, न्यायालय गेले, घरे गेली; चेंडू खेळणाऱ्यांची मंडळी मात्र गावातच राहिली. माझ्या मते क्लबाच्या इतिहासातील पहिला विजय तो हाच, त्याची नोंद कोणत्याही गुणतक्त्यात नसली तरी.

राष्ट्रीय अजिंक्यपदाची स्पर्धा 1921 साली सुरू झाली. पहिली दोन वर्षे ती एरेदियानोने जिंकली, आणि 1923 साली त्यांची ही मक्तेदारी मोडली ती कार्ताहिनेसने. पुढे 1936 व 1940 साली आणखी दोन अजिंक्यपदे आली. त्यानंतर आरंभ झाला तो अशा प्रतीक्षेचा, जिच्यात आजोबांनी नातवाला क्लबाची निळी-पांढरी बंडी आणि 1940 ची आठवण या दोनच वस्तू वारसा म्हणून द्याव्यात आणि नातवानेही आजोबा होईपर्यंत त्यांवरच समाधान मानावे.

एवढ्या दीर्घ दुर्दैवाला लोकमानसाने कारण शोधले नसते तरच नवल. कार्तागो हे देशाच्या संरक्षक देवतेचे क्षेत्र आहे. ‘ला नेग्रिता’ या नावाने पूजिल्या जाणाऱ्या श्यामवर्ण माउलीच्या इवल्याशा पाषाणमूर्तीच्या दर्शनासाठी 2 ऑगस्टच्या उत्सवाला देशाच्या कानाकोपऱ्यांतून लक्षावधी भाविक पायी येतात. लोककथा अशी की, 1940 च्या विजयाच्या उन्मादात काही मंडळी घोड्यावर बसून थेट मंदिरात शिरली आणि धर्मगुरूने त्यांना शाप दिला. दुसरी कथा सांगते की मैदानाच्या मातीत कोणीतरी मंतरलेली बाहुली पुरून ठेवली आहे. या ‘मुन्येको’चा, म्हणजे बाहुलीचा, उल्लेख प्रत्येक पराभवानंतर होत असे. या कथांना मी भाबडेपणा म्हणणार नाही. आपले माणूस कमी पडले असे म्हणण्यापेक्षा ते शापित आहे असे म्हणणे ज्यांना सोपे वाटते, त्यांच्या प्रेमाची ती भाषा आहे.

याच काळात गावाने इतरही पुष्कळ सोसले. 1948 च्या यादवीत होसे फिगेरेस यांच्या सैन्याने एप्रिलमध्ये कार्तागो घेतले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात देशाने आपले लष्करच विसर्जित केले. पुढच्या वर्षी क्लबाचे क्रीडांगण खुले झाले. ते आज नामवंत खेळाडू होसे राफाएल ऊर्फ फेलो मेसा यांच्या नावाने ओळखले जाते. मार्च 1963 मध्ये इरासू जागा झाला, पुढील दोन वर्षे राख बरसत राहिली, आणि 1963 च्याच डिसेंबरात रेव्हेंतादो नदीला आलेल्या चिखलाच्या लोंढ्याने गावाची एक बाजू वाहून नेली.

आश्चर्य असे की, ज्या संघाला घरचे अजिंक्यपद मिळत नव्हते त्याने खंडाचे मिळवले : उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियन प्रदेशातील विजेत्या क्लबांची 1994 ची स्पर्धा त्याने मेक्सिकोच्या अत्लांते संघाला अंतिम सामन्यात 3-2 असे नमवून जिंकली. मेक्सिकोच्या धनाढ्य क्लबांपुढे एका प्रांतिक गावाचे हे यश असामान्य होते, आणि त्याची म्हणावी तशी वाखाणणी झाली नाही याची मला मनापासून खंत वाटते. 2013 साली मात्र देशांतर्गत अंतिम लढतीत एरेदियानोकडून पेनल्टी किकांवर हार पत्करावी लागली, आणि बाहुलीची कथा पुन्हा घरोघर सांगितली गेली.

अखेर 25 मे 2022 च्या रात्री, अलाहुएलेन्सेच्याच मैदानावर, त्या संघाविरुद्धची अंतिम लढत निकाली काढून कार्ताहिनेस पुन्हा अजिंक्य ठरला. 1940 चे अजिंक्यपद स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली माणसे तोवर विरळाच उरली होती. क्लबाचे ते चौथे राष्ट्रीय अजिंक्यपद.